धर्माजी मास्तरांची हरकत

धर्माजी मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांनाच एक रागाचं पत्र लिहीत बसलो होतो. किहीमहून त्यांचे धाकटे भाऊ आले, ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दादा पहाटं गेलं." चार दिवसांचा ताप, छातीत कफ, बस. आमच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं प्रकरण महिनाभर स्वतःजवळ दाबून ठेवायचा तुम्हाला काय अधिकार, असं मी त्या पत्रात विचारलं होतं. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले... पत्र मी फाडलेलं नाही, आणि माणूस गेला म्हणून माझा प्रश्न चुकीचा होता असंही मला वाटत नाही.

महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली असतील. मी अलिबागेत शाळेत चित्रकला शिकवत होतो. धर्माजी पांचाळ त्याच आवारातल्या सुतारकामाच्या वर्गावर मास्तर होते. मुलींच्या शाळेत कृष्णाबाई गृहव्यवस्था शिकवत. एकदा बाईंनीच बोलून दाखवलं की आपण तिघं एकाच घराचे तुकडे शिकवतो आहोत. मी मुलांकडून खोलीचा नकाशा काढून घेतो, त्या खोलीत कोण राहणार ते विचारत नाही. मास्तर फडताळ करायला शिकवतात, ते कुठे बसवायचं ते सांगत नाहीत. आणि बाई मुलींना सांगतात घर नीट ठेवा, पण मुळात घरच अडनिडं असेल तर त्या पोरींनी काय करावं? म्हणून 'घराची मांडणी' असा एक सलग अभ्यासक्रम तयार करून शिक्षणखात्याकडे पाठवायचा, असं ठरलं. पेण, रेवदंडा, मुरूड इकडचे आणखी चार शिक्षक मिळाले. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची सभा भरू लागली. चिटणीस मी. ही हौस मला कुठून सुचली कोण जाणे!

कारण धर्माजी मास्तर कुठलीच गोष्ट पास होऊ देत नसत. भिंतीतल्या खुंट्या किती उंचीवर असाव्यात यावर एक अख्खी सभा गेली. खुर्चीच्या धड्याला त्यांची हरकत होती, कारण त्यांच्या गावात खुर्ची असलेली दोनच घरं. मी इंचांत लिहिलं की ते हातात आणि वितीत मोजून दाखवत, आणि वर म्हणत की ज्याच्या घरात राहायचं त्याचाच हात धरला पाहिजे. पेणचे गुरुजी होडी आणि बैलांची दमणी करत एवढ्या लांबून येत आणि एका ओळीचं काम करून परत जात. मुरूडचे शिक्षक तर पुढे यायचेच बंद झाले. मी चिडलो की मास्तर शांतपणे कानावरची पेन्सिल काढून माझ्या सुवाच्य प्रतीवर फुली मारत. त्या फुल्यांनी माझ्या किती प्रती वाया गेल्या, ते सांगण्यात अर्थ नाही.

तरी दोन वर्षांत काम उभं राहिलं. खात्याचे अधिकारी पाहायला येणार म्हणून शाळेच्या एका रिकाम्या खोलीत आम्ही नमुन्याचं स्वयंपाकघर मांडलं. नकाशा माझा, सुतारकाम मास्तरांचं, मांडामांड बाईंची. चुलीमागच्या भिंतीला तीन फळ्यांची देखणी मांडणी केली होती. एका विलायती पुस्तकातला नमुना पाहून मी ती काढली होती. साहेब अकराला यायचे होते. आठाच्या सुमारास कृष्णाबाई सहज चुलीपुढे पाटावर बसल्या आणि मिठाच्या बरणीसाठी उठल्या. मग तिखटासाठी उठल्या. मास्तर दारात उभे राहून हे पाहत होते. मी हार आणायला बाजारात गेलो होतो, हे सगळं मला मागाहून कळलं. परत आलो तर मांडणी जमिनीवर आडवी, भिंतीला सहा भोकं, आणि मास्तर घामाघूम होऊन नवी मापं घेत बसलेले.

मी काय काय बोललो ते आता आठवत नाही, आणि आठवत असतं तरी वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापता आलं नसतं. परत जागच्या जागी ठोका, असं मी विनवलंही. त्यांनी मान हलवली. अकराला साहेब आले. त्यांनी भोकांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं.

"चुकलं होतं साहेब, म्हनून काढलं," मास्तर म्हणाले. "नकाशा या चित्रकलेच्या मास्तरांचा हाय. बरोबर हाय नकाशा. पन खाली बसलेली बाई त्यात मावत न्हाय."

अभ्यासक्रम अपुरा आहे, पुन्हा तयार करून पाठवावा, असा शेरा आला. तो शेरा मी सहन केला असता. पण सगळ्यांच्या देखत, साहेबांपुढे, त्यांनी माझं नाव घेतलं, हे मला सहन झालं नाही. त्यांचं माझं बोलणं बंद झालं. एकाच आवारात शिकवत असूनही दीड वर्ष आम्ही एकमेकांना टाळत होतो. सभाही बंद पडल्या. कृष्णाबाई अधूनमधून येऊन समजावून पाहत आणि हात टेकून परत जात. दोन मोठी माणसं एका फळीवरून रुसली आहेत, असं त्या सरळ म्हणत.

मग एकदा अंगात ताप भरला म्हणून मी दुपारीच घरी आलो आणि माजघरात पडून राहिलो. दारातून चूल दिसत होती. आमच्या घरी मांडणी उंचावर होती, बायको पाठ धरून उठते हे मी वर्षानुवर्षं ऐकत होतो. ऐकत होतो एवढंच. त्या दिवशी पाहिलं तर ती पाटावरून न उठता हात लांब करून एकेक डबा घेत होती. फळी तिच्या खांद्याच्या उंचीला आली होती. हे कधी झालं, असं मी विचारलं.

"झालं की वर्ष," ती म्हणाली. "मीच निरोप पाठवून धर्माजी मास्तरांना बोलावलं. आधी मला पाटावर बसवलं, माझा हात मोजला, मग फळी ठोकली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही त्यांच्याशी बोलत नव्हतात ना."

वर्षभर मी त्याच घरात दोन वेळा जेवत होतो, आणि खोल्यांची मांडणी शिकवणारा शिक्षक म्हणून जिल्ह्यात माझं नाव होतं. लाज वाटलीच, पण खरं सांगायचं तर रागच जास्त आला. बरोबर असण्याचा एवढा हट्ट, आणि बरोबर ठरल्यावर मात्र एक अक्षर बोलायचं नाही, हा कुठला न्याय? ताप उतरल्यावर मी नकाशा पहिल्यापासून नव्यानं काढला. खाली बसून. गुंडाळी घेऊन किहीमला गेलो. मास्तर वाडीत नारळ सोलत होते. हात पुसून त्यांनी नकाशा उलगडला, बराच वेळ पाहिला. झाल्यागेल्याचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. शेवटी म्हणाले, "फळी ब्येस झाली. पन दार चुकलं. बाईच्या हातात हंडा हाय, ती दार कंच्या हातानं उघडंल?"

मी तिथेच डोक्याला हात लावला. पुढच्या पहिल्या रविवारी सभा भरली.

त्यानंतर आणखी कितीतरी वर्षं हेच चाललं. आता मुरूडचे शिक्षकही पुन्हा येऊ लागले. मास्तरांनी प्रत्येकाला आपापल्या गावातली घरं पाहायला लावली, बायकांशी बोलायला लावलं, आणि बोलत नसतील तर कृष्णाबाईंना बरोबर न्यायला लावलं. आमचे सहकारी त्यांच्यावर वैतागत आणि अडलं की त्यांनाच पोस्टकार्ड टाकत. दोन शाळांनी अभ्यासक्रम आपणहून सुरू केला. खात्यालाही शेवटी तो पसंत पडला. फक्त अखेरचं प्रकरण तेवढं पाठवायचं होतं. म्हाताऱ्या आणि आजारी माणसाच्या खोलीचं प्रकरण ते. मास्तर ते वाचतो म्हणून घेऊन गेले आणि परत देईनात. त्यांच्या भावानं नंतर कागद आणून दिले. एकही फुली नव्हती. वाचायचं राहून गेलं होतं, की खरोखरच पसंत पडलं होतं... हे आता मला कोण सांगणार?

गेल्या रविवारी मास्तरांशिवायची पहिली सभा झाली. मी प्रकरण वाचलं. कुणाची काही सूचना आहे का, असं रीतीप्रमाणे विचारलं. सगळं अर्ध्या तासात मंजूर झालं. इतकी वर्षं चिटणीस म्हणून मी ज्या सभेची वाट पाहिली, ती हीच. पेणचे गुरुजी होडीला वेळ आहे म्हणत बसूनच राहिले. कृष्णाबाई चष्मा पुसत होत्या.

मी कागद पाकिटात घालू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा. आजाऱ्याच्या उशाशी खिडकी लिहिली आहे तुम्ही. पावसाळ्यात झड कुठून येते आपल्याकडे?"

मी कागद पुन्हा बाहेर काढले. खिशातली पेन्सिल काढून त्या ओळीवर मीच फुली मारली, आणि आम्ही प्रकरण पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. गुरुजींची होडी चुकली.