सात बरण्या घेऊन नर्मदेच्या टोकाला

जबलपूरच्या विजय नगरात राहून इतकी वर्षं ग्वारीघाटावर दिवे सोडले, पण ही नदी समुद्राला मिळते ती जागा कधी पाहिली नव्हती. लेक मुग्धा एम.एस्सी. करते. तिला तिथल्या पाण्यातले प्लास्टिकचे बारीक कण तपासायचे होते. "मीही येते," म्हटलं आणि लोणच्याच्या सात काचेच्या बरण्या घासायला बसले. अशा चकाकल्या की तोंड दिसावं!

जबलपूरहून सोमनाथच्या गाडीने बडोदा, तिथून बसने भरूच. थंडीतच जा, उन्हाळ्यात भाजून निघाल. भरूचचे खारे शेंगदाणे घ्या. आमचे दोन पुडे नदीच्या मुखापर्यंतही टिकले नाहीत. पुढे भाड्याची गाडी. गाडीवाले काका सारखे बजावत होते, "बहन, पानी चढ़ने से पहले निकलना है."

आणि मग ती दिसली. पलीकडचा काठच नाही! आपलीच नर्मदा मला ओळखू येईना, डोळे भरून आले. मुग्धाला मात्र वेगळीच घाई.

"आई, ती शाल काढ. उसके धागे उड़ते हैं, पाण्यात पडतील."

मी कुडकुडत उभी. तिने सहा बरण्या भरल्या. सातवीत जबलपूरहून आणलेलं प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी होतं. ती नुसती उघडून बंद केली.

"हे काहून?"

"आपल्याकडून काही पडलं का, ते हिच्यात कळेल. ही साफ निघाली तरच बाकीच्या चालतील. नाहीतर सगळं वाया."

परतताना सातही बरण्या मी मांडीवर सांभाळल्या.

चार दिवसांनी कॉलेजातून तिचा फोन. "आई, सहाही बरण्यांत निळे धागे आहेत, सातवीत नाहीत, म्हणजे ते तिथल्या पाण्यातलेच. पण हिरवे कण सातवीतही आहेत. बरण्या कशानं घासल्या होत्या? सच बता."

"हिरव्या घासणीनं. काहून?"

"आई, ती घासणी प्लास्टिकचीच असते." मला रडूच आलं. पोरीची सगळी मेहनत मी प्रेमाने घासून टाकली होती.

पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. या वेळी बरण्या ती धुणार, मी फक्त पुऱ्या करणार. भांड्यांना आता नारळाची शेंडी वापरते. ती अर्धी झिजलेली घासणी अजून खिडकीत पडून आहे. झिजलेली अर्धी कुठे गेली, ते मी पाहून आलेय.