वहिनींचा फोटो

समुद्रावर सगळे त्याला ‘जरा डावीकडे’ म्हणतात. मावळता सूर्य माणसाच्या तळहातावर बसवून फोटो काढायचा, हा त्याचा धंदा. वाळूत पालथा पडून, एक डोळा मिटून तो गिऱ्हाइकावर ओरडायचा, “हात जरा डावीकडे! आता वर! हलू नका!” कुणाच्या चिमटीत सूर्य धरून दिला, कुणाला फुंकर मारून विझवायला लावला. एकदा एका जावयाच्या हट्टापायी सासऱ्याच्या टकलावर ठेवला. सासरा खवळला, पण जाताना दोन प्रती घेऊन गेला.

मी शेजारीच खुर्च्या भाड्याने देतो, त्यामुळे हे सगळं फुकटात बघितलंय. वहिनी, म्हणजे त्याची बायको, संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन यायच्या. “माझा काढा की एक,” म्हणायच्या.

“उद्या काढू. आत्ता गिऱ्हाईक आहे.”

सूर्य कुणासाठी थांबत नाही, धंदा काय तो तेवढ्यातच. वहिनींचा उद्या काही उजाडला नाही.

मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि गिऱ्हाइकं आटली. अख्ख्या संध्याकाळी रिकाम्या जाऊ लागल्या, आणि नेमका तेव्हाच वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यांना उचलणं-बसवणं ह्या म्हाताऱ्याला झेपेना. शेवटी मुलीने आईला आपल्याकडे, लांबच्या गावी न्यायचं ठरवलं. तिच्या दोन खोल्यांत एकाचीच सोय होती. आता परत भेट होणं कठीण, हे दोघांनाही कळत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने वहिनींना समुद्रावर आणलं. खुर्ची माझी. त्यांची पाठ पाण्याकडे, तोंड कॅमेऱ्याकडे. धड राहिलेला डावा हात त्यांनी पुढे केला. हा वाळूत पालथा पडला. आभाळ लख्ख होतं.

“जरा डावीकडे,” तो म्हणतोय, तोच मागून एक जोडपं धावत आलं. “काका, आमचा पण काढा ना! आमच्याच फोनवर. सूर्य चाललाय हो!”

“थांबा जरा,” मी म्हणालो. पण हा उठलासुद्धा. जन्माची खोड. वर वहिनीच म्हणाल्या, “अहो, करा त्यांचं आधी.”

त्या पोरीला एक पसंत पडेना. केस तोंडावर आले म्हणून दुसरा, डोळे मिटले म्हणून तिसरा. आणि हा जीव ओतून ओरडतोय, “हलू नका!” मला त्याच्या पाठीत लाथ घालावीशी वाटली.

तो वळला तेव्हा सूर्य बुडाला होता. वहिनींचा हात तसाच पुढे. पाठीमागचं त्यांना काय दिसणार?

“बसला का हो हातावर?” त्यांनी विचारलं.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. “बसला. छान आलाय.”

आता तो रोज माझ्या खुर्चीत नुसता बसून असतो. सूर्य बुडताना मान खाली घालतो. मुलीचा फोन येतो, आई विचारतेय, फोटो कधी पाठवताय?

“उद्या,” तो म्हणतो.