सेरमोच्या कानातली लाल चिंधी

मोरुपचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, कारण ओझ्याच्या जनावराला निघण्याआधी पोटभर चरायला मिळालं पाहिजे. ज्याला एवढं लवकर उठवत नाही त्याची घोडी दुपारी चढावर उभी राहते आणि मग तो तिला काठीने झोडतो. मोरुपच्या हातात काठी नसायची. तो अंधारातच फुगमारच्या वरच्या कुरणात जायचा, सेरमोच्या पायातली दोरी सोडायचा, चारही खूर उचलून नाल चाचपायचा. काल खोगीर कुठे घासलं असेल तर हाताला कळायचं. तिथे तो घोंगडीची घडी बदलायचा. मग तिच्या शेजारी बसून राहायचा, ती चरून होईपर्यंत.

घोडी एकच. रंगाने पिवळसर म्हणून नाव सेरमो. गावात इतरांकडे तीन-तीन, चार-चार घोडे होते, पण खिंडीच्या वाटेवर पुढे चालायला सगळे सेरमोच मागायचे. ती पुढे असली की मागची जनावरं बिचकत नसत.

झांस्करच्या या टोकाला गाडीरस्ता खिंडीच्या अलीकडेच संपतो. दर उन्हाळ्यात परदेशी लोकांची एक तुकडी तिथे उतरायची आणि खिंड ओलांडून चालत फुगमारला यायची. गवत कापून होईपर्यंत राहायची, शाळेचं बांधकाम करायची आणि परत जायची. त्यांचं सामान गावातले घोडेवाले आणायचे. तुकडीतले लोक कामचुकार नव्हते. विटा पाडायला त्यांना नीट जमायचं नाही, पण सांगितलं तितका चिखल तुडवायचे, हाताला फोड आले तरी थांबायचे नाहीत. त्या वर्षी शाळेच्या दक्षिणेकडच्या भिंतीला काचा बसवायच्या होत्या, म्हणजे ऊन आत येऊन हिवाळ्यात पोरांना तिथे बसता आलं असतं.

त्या वर्षीच्या मजुरीचं मोरुपच्या घरात आधीच ठरलं होतं. त्याच्या बायकोचे, यांगडोलचे, दात दोन हिवाळे दुखत होते. एकेक करत बहुतेक पडले, उरलेले काढावे लागले. आता ती सातूचं पीठ चहात पातळ कालवून प्यायची. वाळलेलं मांस, ताकाची कडक चुरपी, जर्दाळू सगळं बंद. मजुरी हातात आली की तिला जीपने लेहला न्यायचं आणि दातांची कवळी बसवून आणायची, एवढंच ठरलं होतं. यांगडोल कुणापुढे बोलायची नाही, पण हसताना पदरासारखी ओढणी तोंडावर घ्यायला लागली होती.

काचांची खोकी सेरमोवर लादली, कारण काच तिच्याच पाठीवर टिकली असती. मोरुपने दोन्ही बाजूंचं वजन हाताने तोललं, एका बाजूला कमी वाटलं म्हणून तिथे चहाची किटली बांधली. चढावर पोटाखालचा तंग आवळला, उतारावर सैल केला. चुकीचं असं काहीच झालं नाही. खिंडीच्या पलीकडे जिथे डोंगराचा भुगा सतत खाली वाहत असतो, तिथे पायवाट सेरमोच्या मागच्या पायाखालून गेली. ती बसली, घसरली, आणि खाली एका मोठ्या दगडाला अडून थांबली. काचेचा आवाज झाला नाही. घोडीचा झाला.

मोरुप आणि म्हातारा घोडेवाला मेमे छोस्पेल खाली उतरले. ओझं सोडलं, खोगीर सोडलं. सेरमो उठायला गेली आणि पडली. पुन्हा उठायला गेली. पुढचा डावा पाय टेकला की तिच्या अंगावर काटा यायचा. खांदा सुजून वर आला होता.

"मोडलाय," मेमे म्हणाला.

"हात लावून बघ ना नीट."

"बघितला. मी काय आजच घोडे हाकायला लागलोय? मोडलाय, मोरुप."

बाकीचे घोडे आणि तुकडीचा पुढचा भाग लेहच्या गाईडबरोबर, जिगमतबरोबर, गावाकडे निघाला. मागचा भाग अजून गाडीरस्त्याच्या बाजूला तंबूत होता, दुसऱ्या दिवशी यायचा होता. मोरुप घोडीपाशी राहिला, आणि मेमे त्याच्यासाठी राहिला. घोडी कण्हत होती. तिला मारून सोडवावं हा विचारसुद्धा दोघांच्या मनात आला नाही. मरणाला टेकलेल्या जनावरासाठी माणसाने करायचं एकच काम असतं, त्याला मोकळं करणं. कानात लाल चिंधी बांधायची, कपाळाला लोणी लावायचं, आणि सांगायचं की आजपासून तुला कुणी विकणार नाही, कुणी मारणार नाही. मग त्याला पुढचा जन्म बरा मिळतो.

उजाडताना सेरमोने मान जमिनीला टेकवली. मेमेने आपल्या कमरेच्या लाल पट्ट्याची चिंधी फाडली आणि पाठ असलेला मंत्र म्हणायला लागला. मोरुपने तिच्या कानाला भोक पाडून चिंधी ओवली, डब्यातलं लोणी कपाळाला चोळलं.

"विकणार नाही तुला," तो म्हणाला. "मारणार नाही. आणि आता ओझंही टाकणार नाही, बये. कधीच नाही. तुझ्या पाठीवर आता काही ठेवणार नाही."

मेमेने मंत्र मध्येच थांबवून त्याच्याकडे बघितलं. मग पुढे म्हणत राहिला.

दुपारी मागची तुकडी आली. त्यात इनेस नावाची पोर्तुगालची बाई होती. ती तिकडे गुरांची डॉक्टर होती. कुणी काही सांगायच्या आत ती सॅक टाकून उतारावरून खाली आली. घोडीचा पाय तिने खुरापासून वर दाबत आणला, वाकवला, कान लावला. खांद्याशी बराच वेळ थांबली. मग ती हसली आणि जोरात काहीतरी म्हणाली. वर उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिच्याबरोबरच्या पोराने तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, "हाड मोडलेलं नाही. स्नायू फाटलाय. महिनाभर आराम, मग चालेल. ओझंही उचलेल."

मेमे छोस्पेल खाली बसला. "ओझ्याचं कशाला बोललास तू?" तो मोरुपला हळूच म्हणाला. "विकणार नाही, मारणार नाही, एवढंच म्हणतात. माझा बाप तेवढंच म्हणायचा. त्याच्या मोकळ्या याकाने नंतर पाच वर्षं नांगर ओढला. तुला कुणी सांगितलं होतं जास्तीचं बोलायला?"

"तोंडातून गेलं."

"तोंडातून गेलं! दिवसभर मुका असतोस आणि बोललास तेव्हा हे."

इनेसने घोडीला सुई टोचली. घोडी उठली. तीन पायांवर उभी राहिली, मग चौथा टेकला. मोरुपने तिच्या गळ्यात हात टाकला. त्याला आनंद झालाच नाही असं म्हणता येणार नाही. पण खोगीर तिथेच दगडावर पडलं होतं आणि त्याला त्याच्याकडे बघवेना.

काचा अजून उतारावर होत्या, आणि आणखी बरीच खोकी गाडीरस्त्याच्या टोकाला. बाकीचे घोडे सिमेंट आणि लाकडाच्या फेऱ्यांना लागले होते. ज्याने जे सामान न्यायचं कबूल केलं ते त्यानेच पोचवायचं, अशी गावाची रीत. मोरुपने पाठीवरची लाकडी चौकट काढली, तिच्यावर घोंगडी अंथरली आणि काचेचं एक खोकं बांधलं. घोडी एका वेळी नेते ते माणसाला कितीतरी फेऱ्यांत न्यावं लागतं. काच पाठीवर असली की टेकून बसता येत नाही. वाटेत विसावा घ्यायचा तर उभ्यानेच, चौकटीखाली काठी लावून. काठी तेव्हा पहिल्यांदा त्याच्या हातात आली.

जिगमत शहाणा माणूस होता. महिन्याने सेरमो धडधाकट झाली, तेव्हा तो मोरुपला बाजूला घेऊन, थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "आचो, चिंधी काढ. मी डोळे मिटतो. या लोकांना काय कळतंय?"

"त्यांना कळायची कुठे गरज आहे?"

"मग कुणाला भितोस?"

मोरुपने चौकटीची दोरी आवळली. भीती नव्हतीच. दिलेली वस्तू आपल्या घरात दिसते म्हणून आपली होत नाही, एवढंच त्याला कळत होतं.

सेरमोला हे कळवणार कसं? ती रोज सकाळी आपणहून अंगणात यायची आणि खोगीर ठेवतात त्या दगडाशी आडवी उभी राहायची. मोरुप चौकट पाठीला लावायचा, ती मान वळवून वाट बघायची. तो निघाला की ती मागून यायची, आणि थोड्या अंतरावर त्याला ओलांडून पुढे व्हायची, कारण तिची जागा पुढेच होती. घोडी मोकळी, मालक वाकलेला. गावातल्या बायका पाणी भरताना थांबून बघायच्या.

"आचो मोरुप, तिला सांग ना जरा हळू चालायला!"

"अगं, तो तिचा घोडा आहे. लगाम कुठाय त्याचा?"

मोरुपही हसायचा. पाठीवर काच असताना हसायलासुद्धा जपावं लागतं.

यांगडोल हसली नाही. तिने पहिल्या दिवशी चिंधी बघितली, काय झालं ते ऐकलं आणि चूल पेटवायला गेली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "घोडीचे दात बाकी चांगले आहेत. तिलाच ने लेहला, दाखवून आण."

"मजुरी तर मिळणारच आहे. काचा मी पोचवतोय."

"पाठ दाखव."

त्याने दाखवली नाही.

एक दिवस तो गोम्पाच्या, वरच्या मठाच्या, वाटेला लागला. तिथले वृद्ध गुरू, लोपोन, उन्हात जपमाळ घेऊन बसले होते. मोरुपने लोणी पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

लोपोन म्हणाले, "ती मरणार असं वाटलं म्हणून दिलीस?"

"हो."

"म्हणजे मेलेली घोडी दान केलीस. स्वस्तात."

मोरुपने लोणी आणखी पुढे सरकवलं.

"आता जगली, तर महाग पडतेय. मी म्हटलं, जा, घाल खोगीर, तर घालशील?"

मोरुपने मान हलवली. "नाही."

"मग एवढा चढ चढून कशाला आलास?"

"तुम्ही काही मार्ग सांगाल असं वाटलं."

लोपोनांनी माळ खाली ठेवली. "असता तर सांगितला असता रे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. त्यांनी त्याला चहा दिला.

मोरुपने काचा पोचवल्या. एकही फुटली नाही. पण घोडी जे काम थोड्या दिवसांत करते त्यात त्याचा सगळा उन्हाळा गेला, आणि नेमके तेच गवत कापायचे दिवस होते. बाकीची घरं वरच्या कुरणात राहून गवत कापत होती, पेंढ्या बांधून खाली आणत होती. मोरुप खिंडीत होता. यांगडोलने एकटीने जमेल तेवढं कापलं. एकटीला जमतं तेवढंच ते झालं. भाद्रपद संपता संपता फुगमारच्या छपरांवर चारा माणसाच्या उंचीएवढा रचला गेला. मोरुपच्या छपरावर तो गुडघ्याला लागत होता. दोन गाई त्यावर कशाबशा निघाल्या असत्या. घोडी नाही.

विकायची नाही. मारायची नाही. हिवाळ्यात उपाशी ठेवली तर ते मारणंच.

तुकडी परतताना इनेसने सेरमोच्या गळ्याला मिठी मारली, फोटो काढला आणि मोरुपच्या हातात मजुरी ठेवली. जरा जास्तच ठेवली. तिला वाटलं, ही गोष्ट चांगली संपली. मोरुपने मान लववून "जुले" म्हटलं. समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. तिने चांगलंच केलं होतं.

घरी त्याने पैसे यांगडोलच्या मांडीवर ठेवले. तिने ते मोजले. अंगणात सेरमो दगडाशी उभी होती.

"बर्फ पडायच्या आत दोन्ही होईल का?" मोरुपने विचारलं. "थोडा चारा, आणि तुझं..."

"अर्धा चारा आणून ती अर्धी मरेल का?" यांगडोल म्हणाली. "जा. खिंड बंद झाल्यावर मग डोकं धरून बसशील."

"पुढच्या उन्हाळ्यात..."

"पुढच्या उन्हाळ्यात तुझी पाठ असेल का?" तिने ओढणी तोंडावर घेतली. ती हसत होती की काय, ते त्याला दिसलं नाही.

गाडीरस्त्याच्या टोकाला ट्रकवाला लसूणघासाचे गठ्ठे आणि सातूचं भूस विकत होता. वेळ अडलेल्याला लावतात तोच भाव. मोरुपने घासाघीस केली, मिळालं तेवढं घेतलं, मजुरी संपली. दुसऱ्याचे घोडे भाड्याने घ्यायला काही उरलं नव्हतं. मोकळ्या घोडीवर तिचा स्वतःचा चारासुद्धा लादता येत नव्हता. तो गठ्ठे एकेक करून खिंडीपार नेत राहिला. सेरमो पुढे चालायची. मधूनच थांबून मागे यायची, त्याच्या पाठीवरून एक घास ओढून घ्यायची आणि पुन्हा पुढे व्हायची. तो तिला हाकलायचा नाही. तेवढंच वजन कमी.

शेवटच्या फेरीला खिंडीत भुरभुर सुरू झाली होती. घरी पोचल्यावर त्याने गठ्ठा छपरावर टाकला आणि तिथेच आडवा झाला. यांगडोलने सुतळी कापली, आत हात घातला, आणि हात बाहेर काढून त्याच्यापुढे धरला. हात ओला होता.

"मधे भिजवलाय," ती म्हणाली. "वजनात पाणी विकलंय त्याने तुला."

मोरुप उठला. पाणी त्याने चढावरून पाठीवर आणलं होतं. दोघांनी मिळून गठ्ठा सोडला आणि उरलेल्या उन्हात पातळ पसरला, कुजायच्या आत वाळतो का ते बघायला.