काकाजी सोडायला येतात

नागपुरातून आजवर जितकी विमानं उडाली, त्यांतली निम्मी तरी माझ्या चुलत सासऱ्यांच्या देखरेखीखाली उडाली आहेत. उरलेली निम्मी रात्री नऊनंतर सुटतात आणि काकाजी नऊला झोपतात, म्हणून ती आपापल्या जबाबदारीवर जातात. विमानतळाशी त्यांचा नोकरीचा काडीचाही संबंध नाही. ते जमीन मोजणी खात्यात होते. तरुणपणी कधीतरी धावपट्टी वाढवायची म्हणून सोनेगावच्या शिवारात मोजणी झाली आणि साखळीचं एक टोक यांच्या हातात होतं, एवढाच काय तो धागा. पण तेवढ्यावर ‘हे इमानतळ मी लांब केलं’ हे वाक्य त्यांनी लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत आणि एकदा तर चक्क मयतीत, लाकडं येईपर्यंतच्या वेळात ऐकवलेलं आहे.

प्रताप नगरात आमच्यापासून दोन घरं सोडून ते राहतात. ओळखीतलं कोणीही विमानानं निघालं की त्याला सोडायला जाणं हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. आमंत्रण लागत नसे. गच्चीवर उन्हात सुटकेस ठेवलेली दिसली तरी पुरे. विमानाच्या चार तास आधी काकाजी दारात हजर: पांढरा सदरा, हातात दह्याचा स्टीलचा डबा, काखेत सांभारवडीची, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीची, पिशवी. इतक्या लवकर कशाला, असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. “लवकर गेलं तं काय बिघडते? इमान आपल्यासाठी थांबत नाई, आपण इमानासाठी थांबाचं.” दही-साखर ते घरी देत नसत. घरी दिलेलं दही वाटेत जिरून जातं, अशी त्यांची समजूत होती. विमानतळाच्या दाराशी, ट्रॉल्यांच्या गर्दीत, जाणाऱ्याच्या तळहातावर चमचाभर दही पडायचं. एकदा शेजारी उभा असलेला एक अनोळखी जवान, कुठेतरी लांब ड्यूटीवर निघालेला, या प्रकाराकडे बघत राहिला, तर काकाजींनी त्याचाही हात पुढे ओढला. त्यानं मुकाट्यानं दही चाटलं आणि वाकून पाया पडला.

घरापासून सोनेगावचं विमानतळ ते किती लांब; पण तेवढ्या वाटेत ते विमानतळाचा इतिहास लढाईच्या काळापासून सांगत. चारी दिशांची विमानं टपाल घेऊन रोज रात्री इथं कशी उतरत, एकमेकांची पत्रं घेऊन पहाटे कशी माघारी फिरत, हे सांगताना त्यांचा आवाज चढे. “साऱ्या देशाची चिठ्ठी आपल्या अंगणातून जाये, जवाईबापू!” पुढच्या इतिहासाला मात्र त्यांचं माप एकच होतं: सोडायला आलेला माणूस कुठवर जाऊ शकतो. सुरुवातीला म्हणे तो थेट शिडीपर्यंत जाई. काकाजींनी आपल्या आत्याला हात धरून शिडी चढवली, तेव्हा विमानातल्या बाईनं “आप भी चलेंगे?” असं यांनाच विचारलं होतं. मग तारेचं कुंपण आलं. मग तिकीट काढून गॅलरी; तो काकाजींचा सुवर्णकाळ. कोणी जाणारं-येणारं नसतानाही लोक उमरेडहून पोराबाळांसकट डबे बांधून विमान बघायला यायचे. मग गॅलरी बंद झाली, नवी काचेची इमारत उभी राहिली, परदेशाची विमानं सुटू लागली आणि काकाजी काचेच्या बाहेर राहिले. हल्ली तर दारासमोर गाडीही थांबू देत नाहीत. सामान उतरवा आणि निघा, नाहीतर शिट्टी. “इमानतळ मोठं होऊन राहिलं, चांगलं आहे,” काकाजी म्हणत, “पण मी मांगं मांगं सरकून राहिलो ना बाप्पा.”

तरी ते मागे हटले नव्हते. माणूस आत गेला की हे बाहेरच्या रस्त्यावर भिंतीपाशी जाऊन उभे राहत. विमान वर चढून ठिपका होईपर्यंत हात हलवत आणि तिथून तडक जाणाऱ्याच्या घरी. दारातूनच एक शब्द: “उडालं!” खिशाखिशात मोबाईल आल्यावरही ही वर्दी चुकली नाही. आमच्या गल्लीतले एक इंजिनियर एकदा ओळखपत्र घरीच विसरले, काकाजी भिंतीकडे वळल्यावर शिपायानं त्यांना दारातूनच परत पाठवलं, त्यांचं विमान चुकलं आणि ते चिडून घरी येऊन तर्रीपोहे खात बसले होते. तेवढ्यात काकाजी आले. “उडालं! मी माया डोळ्यानं पाह्यलं. खिडकीपाशीच बसले होते.” इंजिनियरची बायको म्हणाली, “काकाजी, हे तं इथी बसले!” काकाजींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि गंभीरपणे विचारलं, “मंग तुमच्या जागेवर कोण बसलं होतं?”

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे खरा, पण यापुढचं सांगताना मला हसू येत नाही.

माझी मुलगी शिकायला दिल्लीमार्गे जर्मनीला निघाली. मी तसा दुष्ट माणूस नाही, पण मला तमाशाचा भारी तिटकारा. मुलगी आधीच कावरीबावरी, बायको दोन दिवस डोळे पुसत होती. त्यात दारात दही, इतिहास, सांभारवडी आणि शिपायाची शिट्टी, हे मला नको वाटलं. म्हणून काकाजींनी विचारलं तेव्हा मी संध्याकाळच्या विमानाची वेळ सांगितली आणि म्हणालो, आम्ही बाहेरून परस्पर पोचू, तुम्ही थेट विमानतळावरच या. खरं विमान सकाळी साडेसातचं होतं. बायको म्हणाली, “काहून खोटं बोलता? नका येऊ म्हणून सांगा ना सरळ.” मी म्हटलं, नंतर सांगू काहीतरी. सकाळी आम्ही टॅक्सी बोलावली, सामान उतरवलं, मुलगी आत गेली. सारं कसं सुटसुटीत झालं. दुपारी मी झोपलोसुद्धा. काकाजींना काहीतरी सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

तिन्हीसांजेला दारात आवाज आला: “उडालं!”

सदरा घामानं भिजलेला, पिशवी तशीच भरलेली. पाणी प्यायले आणि म्हणाले, “दारात काई पोट्टी सापडली नाई मले. आत गेली असंल आधीच. दोघा-तिघांले इचारलं. मंग भिंतीपाशी जाऊन उभा राह्यलो. खिडकीतून हात केला तिनं, जवाईबापू. बराबर मायाकडे पाहून केला.” तोवर मुलीचा दिल्लीहून दोनदा फोन येऊन गेला होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. खरं बोलायची ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, “हो का? बरं झालं.”

पंधराएक दिवसांनी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा काकाजी आमच्याकडेच चहा घेत बसले होते. तिनं लाडानं तक्रार केली, “आजोबा, तुम्ही सकाळी आलेच नाही मला सोडायला! मी दारात मागे वळून वळून बघत होते.” तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “सकाळी?” काकाजी म्हणाले. त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, “हाव बेटा, सकाळीच. झोप लागली मले. म्हातारपण आहे ना वं.” आयुष्यभर पहाटे तीनला उठणारा हा माणूस माझ्या मुलीसमोर माझी लाज राखत होता. मग त्यांनी तिकडच्या थंडीची चौकशी केली, मफलर घेतला का विचारलं आणि चहा संपवून घरी गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रागावले असते, चारचौघांत माझी शोभा केली असती, तर मी सुटलो असतो.

त्यानंतर काकाजी कोणालाच सोडायला गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. इंजिनियर दोनदा जाऊन आले, समोरच्यांचा मुलगा बंगळूरला गेला. सगळे आपापल्या टॅक्सीनं गेले. कोणाला काही खटकलं असं दिसलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात मला दिल्लीला जायचं होतं. आदल्या दिवशी मी बायकोला घेऊन मुद्दाम काकाजींकडे गेलो आणि धीर करून म्हणालो, “काकाजी, उद्या चला ना मला सोडायला. सकाळी साडेसातचं विमान आहे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बायकोकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, “साडेसातचंच आहे का वं?”

तो टोमणा नव्हता. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. बायको मान खाली घालून “हाव” म्हणाली. काकाजी म्हणाले, “पाहतो. गुडघ्यानं साथ देली तं इमानतळावरच येतो.”

सकाळी मी चार तास आधी विमानतळावर पोचलो. दाराबाहेर ट्रॉलीला टेकून उभा राहिलो, येणारी प्रत्येक रिक्षा बघत. दारावरच्या शिपायानं दोनदा हटकलं, “साहब, किसका इंतजार है?” आत शिरायला मी इतका उशीर केला की शेवटी माझ्या नावाचा पुकारा झाला.