दुसऱ्यासाठी घेतलेलं तिकीट

लॉटरीच्या दुकानात बसणाऱ्याजवळ दोन गोष्टी साचतात. न लागलेली तिकिटं आणि सांगायची लाज वाटते असे किस्से. तिकिटं चुलीत जातात. किस्से जळत नाहीत बाप्पा! अहेरीच्या बसस्टँडजवळ वसंतभाऊच्या दुकानातल्या बाकावर मी बरीच वर्षं बूड टेकवून आहे. शिक्षण सातवी, तेही अर्धवट. पण तिकीट घेणाऱ्याचं तोंड वाचायला शाळा लागत नाही.

तिकीट सरकारी, पक्कं कायद्यातलं. तरी घेणारा असा इकडेतिकडे पाहतो, की आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू घेणाराही तेवढा लाजत नाही! अन् विकणारा वसंतभाऊ त्याहून लाजरा. त्याला एकच धास्ती, आपल्या धंद्यापायी पोरीचं, सुषमाचं लग्न अडेल. एक सोयरीक तशी मोडलीही होती. "लॉटरीवाल्याची पोरगी नाई पाह्यजे," मुलाकडचे एवढंच म्हणाले अन् चहा न पिता उठले.

*

रिटायर गुरुजी दर आठवड्याला यायचे. तिकीट घडी करून खिशात घालताना म्हणायचे, "शेजाऱ्यासाठी घेऊन राह्यलो."

मी म्हटलं, "गुरुजी, शेजारी तर मागच्या वर्षीच चंद्रपूरले राहाले गेला!"

"म्हणूनच तर त्याले इथी येणं जमत नाई!"

आमच्याकडे सगळे दुसऱ्यासाठीच तिकीट घेतात. बक्षीस मात्र अजून कोणी दुसऱ्याला दिलं नाही!

*

मोडकूभाऊ तळ्यावर मासे धरतो. त्याच्या घरची रीत अशी, की जाळ्यात आलेला पहिला मासा तळ्याला परत द्यायचा. गड्यानं पहिल्यांदा दोन तिकिटं घेतली अन् त्यातलं पहिलं नेऊन तळ्यात सोडलं!

निकालाच्या दिवशी हातातल्या तिकिटाला काहीच लागलं नाही. मी विचारलं, "मोडकूभाऊ, तळ्यातल्याचा नंबर काय होता गा?"

"पाह्यला नाई. देवाले दिलेलं वाचाचं असते का?"

आता मोठा मासा निघाला की मी ओरडतो, "बंपर याले लागला वाटते!"

तो शांतपणे म्हणतो, "लागला असन. बाहेर येऊन सांगाले लाजते."

*

मधे कॉम्प्युटरवाली लॉटरी आली. कागदी तिकीट घेतलं की माणूस आठवडाभर श्रीमंत राहायचा. इथं चहा गार व्हायच्या आत गरीब! एकदा ऐन निकालाला लाईट गेली. अख्खा बाक लखपती! कोणी ट्रॅक्टर घेतला, कोणी स्लॅब टाकला. लाईट आली, पण कॉम्प्युटर सुरू करायला कोणी उठेना.

"राहू दे ना गा," गुरुजी म्हणाले, "काऊन घाई करून राह्यला?"

ते कॉम्प्युटर पुढं बंद पडले, कागद टिकला. आताची पोरं काय काय ते मोबाईलवर खेळतात, भर चौकात. लाजसुद्धा नाही. मग मजा कसली?

*

यंदा सुषमाला सावली गावाकडचं स्थळ आलं. वसंतभाऊनं निरोप धाडला, "माझं स्टेशनरीचं दुकान आहे." पाहुणे यायच्या सकाळी आम्ही तिकिटांच्या माळा उतरवल्या, वह्या टांगल्या. घरी बैठकीत मुलीकडून साक्षीला बसणारे पंच म्हणून गुरुजी, मोडकूभाऊ अन् मी. तिघंही इस्त्रीत! वसंतभाऊनं मला हात जोडले, "भाऊ, आज थट्टा नको." मी पण तोंडाला कुलूप लावलं.

सुषमा चहा घेऊन आली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बाबूजीचं कायचं दुकान आहे, बाई?"

ती बोलायच्या आत गुरुजी म्हणाले, "स्टेशनरी! उत्तम चालते." मोडकूभाऊनं मान डोलावली. मीही डोलावली, जन्मात नाही इतक्या गंभीरपणे.

सुषमानं ट्रे खाली ठेवला. "लॉटरीचं आहे जी. त्याच्यावरच मी बीएस्सी झाली."

वसंतभाऊची मान शर्टात शिरली.

पाहुणे म्हणाले, "अन् एवढ्या गावात तिकिटं घेते तरी कोण?"

तिनं आमच्याकडे पाहिलं. "हे बसले ना जी, हेच."

गुरुजी कपात असे पाहू लागले, जणू निकाल तिथंच छापलाय. मोडकूभाऊ चपला शोधू लागला. गावाची टिंगल करणारा मी, तोंड कुठी ठेवावं ते समजेना.

पाहुण्यांनी आम्हाला एकेक करून नीट पाहिलं. मग वसंतभाऊकडे वळले.

"पोरगी पसंत आहे. लग्नात पंच तेवढे दुसरे आणा."