सातवी वाटी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. त्या तिबेटी बाईच्या घरी, बुद्धासमोर वाहिलेल्या पाण्याच्या वाटीत लोण्याचा चहा मी ओतला होता.

बाई दर हिवाळ्यात पांढुर्ण्याला स्वेटर विकायला येते. आमच्या ऑफिसच्या भिंतीला लागून तिचं दुकान असतं. तिची वस्ती गोंदियाकडच्या जंगलात, जन्म तिथलाच, म्हणून बोलते अगदी आमच्यासारखी. "भाऊ, घेता तं घ्या, नुसतं चोळून चोळून मऊ नका करू," असं गिऱ्हाइकाला सुनावते. आम्ही बौद्ध आहोत हे कळलं तेव्हापासून माझी बायको तिची दीदी झाली. ती आमच्याकडे जेवायला यायची. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, पण ताट पुसून खायची. एकदा म्हणाली, "आमच्या नव्या वर्षाले या न. तुमचा आमचा बुद्ध एकच हाये."

गेलो. दारातच मळमळलं.

तुपाचं भांडं न घासता आठवडाभर झाकून ठेवावं, तसा वास साऱ्या घराला होता. दोरीवर मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या. देवघरात पिठालोण्याच्या रंगवलेल्या आकृत्या, दिव्यांची चिकट काजळी, आणि बुद्धाशेजारच्या चित्रात कवट्यांची माळ घातलेला कोणीतरी दात विचकून उभा. आमच्या विहारात पांढरे कपडे, मेणबत्ती, वंदना, संपलं. नैवेद्य, नवस हे सगळं आजोबांच्या पिढीनं टाकून दिलं. हा कुठला बुद्ध, असं मनात म्हणत मी नाकानं श्वास घेणंच बंद केलं.

बाईची आई, तिला सगळे आमा म्हणत, कोपऱ्यात माळ ओढत बसली होती. उठून तिनं स्वतः माझ्या लाकडी वाटीत चहा ओतला. हात थरथरत होते. चहा खारट, वर लोण्याचा पिवळा थर. एकदाचं संपावं म्हणून मी औषधासारखा घटाघटा प्यायलो. आमानं हसून पुन्हा भरला. पुन्हा संपवला, तिनं पुन्हा भरला. त्यांच्यात पाहुण्याची वाटी रिकामी राहू देत नाहीत. नको असेल तर भरलेलीच ठेवायची आणि निघताना प्यायची, हे मला फार नंतर कळलं.

"घ्या न जी, तोंड कायले वाकडं करून राहिले?" बायको कानाशी पुटपुटली. तिला चक्क आवडला होता. मग ती बाईबरोबर चुलीकडे मोमो पाहायला गेली. आमानं माळ घेऊन डोळे मिटले.

घशाशी आलं होतं. बाहेर ओतावा तर अंगणात माणसं. बुद्धासमोर पितळेच्या सात वाट्या पाण्यानं भरून ओळीनं ठेवल्या होत्या. त्या वाहिलेल्या आहेत हे मला दिसत होतं. तरी कडेच्या वाटीत मी चहा ओतला. ती आधीच भरलेली. पाणी बाहेर सांडलं, खालच्या कापडावर तेलकट डाग पसरला. मी जागेवर येऊन बसलो.

बाई मोमोचं ताट घेऊन आली, मागे बायको. कापडावरचा डाग पाहून बाई थबकली, आणि आईवर ओरडली. भाषा मला येत नव्हती, पण सूर कळला. आमानं आधी मान हलवली. मग स्वतःच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं, आणि आपणच सांडलं हे तिलाही पटलं. बुद्धाला हात जोडले. मग मलाही जोडले.

"माफ करा दीदी," बाई म्हणाली, "म्हातारी झाली, समजत नाही आता तिले."

मी म्हणालो, "असू द्या. वय झालं का होते असं."

आमचे आजोबा रामाकोन्याला संत्र्याच्या बागेत मजूर होते. त्यांची कानतुटकी कपबशी मालकाच्या गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. मालकीण वरून चहा ओतायची आणि ओतताना नाक आखडायची. हे मी विहारातल्या कार्यक्रमात सांगतो, टाळ्याही पडतात. त्या नाकाची मला जन्मभर किळस येत आली. त्या दिवशी ते नाक माझ्या तोंडावर होतं. लोण्याचा वास दुसऱ्या दिवशी गेला. हे काही जात नाही. आरशात दाढी करताना दिसतं.

यंदा बाई आली. मी विचारलं, "आमा कशी हाये?"

"हाये चांगली. पण वाट्या आता मीच भरते भाऊ. लहानपणापासून रोज सकाळी आमाच भरे. त्या दिवसापासून हात नाही लावू देत मी. बसते तिथंच, पाहत राहते." मग माझ्याकडे पाहून हसली, "तुम्ही कायले एवढं तोंड पाडून राहिले? मफलर दाखवू?"

मी मफलर घेतला.

दुकान अजून लागलेलं आहे, होळीच्या आधी ती सामान बांधेल. तुझ्या आईनं काही सांडलं नव्हतं, तिच्या वाट्या तिला परत दे, एवढं तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.