आक्काच्या हृदयाचा तुकडा

फोन न करता भाचा पोलादपूरहून एस्टीने महाडला आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. आक्का, माझी थोरली बहीण, गेली होती. सकाळी चहा ठेवता ठेवता पडली. घरात कुणी नव्हतं. कशाने दचकली, कुणालाच ठाऊक नाही... महिना झाला, तेवढंच डोक्यात फिरतंय.

कारण दचकवण्यात पटाईत मी. कापडे गावच्या आमच्या शेतात भाताची लावणी चाललेली, आक्का वाकलेली. नऊ वर्षांची मी कार्टी, स्वतःला फार शहाणी समजणारी. मागून जाऊन ओरडले, "भॉक्!" ती चिखलात आडवी. आई धावली, "सुमे, उठ गो!" आणि मी कमरेवर हात ठेवून, "नाटक हाय तिचं. लावणी नको म्हणून!" थोड्या वेळाने ती उठली, चिखल पुसत हसली. मला खेळच मिळाला. पुढे किती वेळा केलं... आठवायला धीर होत नाही.

साठ वर्षांनी आक्काची नात सानिका शाळेची घंटा होताच कोसळली. डॉक्टरांनी सगळ्यांचे ईसीजी काढले. हृदयाच्या ठोक्यांतला दोष, आक्काकडून आलेला. अचानक आवाजानेही हृदय थांबू शकतं. माझा ईसीजी मात्र निर्दोष. पाजी माणसाला काही होत नाही! आक्का म्हणाली, "रडतेस काय गो? मेले नाय ना मी?"

मग तिने पुण्याच्या एका प्रयोगशाळेला रक्त दिलं. त्यातल्या पेशींपासून तिच्या हृदयाच्या स्नायूचा इवलासा तुकडा वाढवतात आणि त्यावर औषधं तपासतात. सर्दीतापाचं एखादं साधं औषधही सानिकाला घातक ठरू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात सानिकाला घेऊन तिथे गेले. दोन बारीक खुंट्यांमध्ये ताणलेली फिकट पट्टी आखडत होती, सैल होत होती. आक्का नव्हती, आणि हे चालू होतं. मी बांगड्या मुठीत दाबून धरल्या. तिथली संशोधक मुलगी म्हणाली, "बोला की आजी, त्याला कान नाहीत." तिने औषधाचा थेंब सोडला. जरा वेळाने पट्टी अडखळली... थांबली... पुन्हा सुरू झाली.

"हे सानिकाला नको, बहुतेक. अजून बरीच तपासायचीत."

सानिका काचेवर वाकली होती. तिला कान आहेत. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी तिच्या पाठीमागे होते. टेबलाला वळसा घालून तिच्या समोर आले, तिने मला पाहिलं, आणि मगच मी हात पुढे केला.